इने: जिथे होडी घराच्या तळमजल्यात राहते

क्योतो म्हटलं की देवळं आणि बागा आठवतात. पण क्योतो नावाचा प्रांत शहरापाशी संपत नाही, तो उत्तरेला थेट जपानच्या समुद्राला जाऊन भिडतो. तिथे तांगो नावाचं द्वीपकल्प आहे आणि त्याच्या पूर्वेच्या बाजूला इने हे मच्छीमारांचं गाव. 2020 च्या जनगणनेत संपूर्ण इने तालुक्याची लोकसंख्या 1,928 भरली, त्यातले जवळपास निम्मे लोक पासष्टीच्या पुढचे. खाडीच्या काठाने सुमारे पाच किलोमीटर एकाला एक लागून 230 च्या आसपास लाकडी घरं उभी आहेत आणि प्रत्येकाचा तळमजला समुद्राकडे उघडा आहे. या घरांना फुनाया म्हणतात. खाली होडी, वर माळा.

फोटो पाहून वाटतं की ही घरं पाण्यावर तरंगतात. तसं काही नाही. ती किनाऱ्याच्या दगडी पायावर उभी आहेत, आणि इतक्या जवळ उभी राहू शकतात याचं कारण तिथला समुद्र. जपानचा समुद्र जवळजवळ बंदिस्त आहे. महासागराशी त्याला जोडणाऱ्या सामुद्रधुन्या अरुंद आणि उथळ असल्याने भरतीचं पाणी आत फारसं येतच नाही. इनेमध्ये पाण्याच्या पातळीतला फरक साधारण अर्ध्या मीटरच्या आत राहतो. मुंबईत उधाणाच्या दिवसांत हाच फरक चार मीटरांवर जातो. तिथे असं घर बांधलं तर दिवसातून दोनदा होडी चिखलात बसेल आणि दोनदा माळ्याला टेकेल. आपल्या कोकणात होड्या वाळूवर ओढून ठेवतात, घरं मागे माडांत असतात, ते याच हिशेबाने.

दुसरं कारण खाडीची दिशा. या किनाऱ्यावरच्या हिवाळी वादळांचा मारा वायव्येकडून येतो. इनेची खाडी मात्र दक्षिणेला तोंड करून आहे, तिन्ही बाजूंना डोंगर आहेत आणि तोंडावरच आओशिमा नावाचं दाट झाडीचं बेट आडवं बसलं आहे. दक्षिणेकडून लाटा आल्याच तर त्या आधी या बेटावर फुटतात. शिवाय काठापासून थोड्याच अंतरावर तळ एकदम खोल जातो, त्यामुळे लाट उसळायला उथळ पट्टा मिळत नाही. डोंगर इतके जवळ आहेत की सपाट जमीन नावालाच. घर, होडी, जाळी आणि वाळवणाची जागा हे सगळं चिंचोळ्या पट्टीत बसवायचं होतं. फुनाया या अडचणीतून जन्मली, आणि माझ्या मते ती अडचण ओळखून पाहिली तरच ती नीट दिसते.

बांधणी अशी. समुद्राकडची बाजू अरुंद आणि वरती त्रिकोणी, छपराचे उतार दोन्ही अंगांना. तळमजल्याची जमीन पाण्याकडे उतरती केलेली, म्हणजे होडी ओढून वर घेता येते आणि ढकलली की लगेच पाण्यात जाते. खांबांना शिई जातीचं कठीण लाकूड, तुळयांना पाइनचे ओंडके. खाली होडीच्या दोन्ही अंगांना साधनं, मासे साफ करायची जागा, वरच्या माळ्यावर जाळी वाळवायची. पूर्वी माळा म्हणजे आडव्या लाकडांवर टाकलेल्या फळ्या आणि छप्पर गवताचं. 1880 ते 1950 या काळात बुरी माशाने गावाला पैसा दिला, तेव्हा गवत जाऊन कौलं आली आणि माळ्याचा पुरा दुसरा मजला झाला.

लाकडी होडी आत घ्यायचं कारण फक्त चोरी किंवा पाऊस नव्हतं. सतत पाण्यात राहिलेलं लाकूड कुजतं आणि समुद्रातले किडे त्याला पोखरतात, म्हणून होडी वरचेवर कोरडी करावी लागे. फायबरच्या होड्या आल्या आणि ही गरज संपली. त्या कुजत नाहीत, शिवाय इंजिनासह इतक्या रुंद आणि उंच असतात की जुन्या दारातून आत शिरतच नाहीत. म्हणून आज बहुतेक होड्या घरासमोर पाण्यात बांधलेल्या दिसतील आणि आतली जागा साठवणीची झालेली. फुनायासाठी मात्र हे बरं नाही, कारण रोजच्या वापराने ज्या गोष्टीकडे लक्ष राहायचं ते राहत नाही. खारं पाणी खांबाच्या बुडाला सगळ्यात आधी खातं. मग कुजलेला खालचा भाग कापून त्या जागी नवा तुकडा सांधून बसवावा लागतो. हे काम जाणणारा सुतार मिळणं हीच आता मोठी अडचण.

आता रस्त्याविषयी, कारण गावातून चालताना हीच गोष्ट सगळ्यात जास्त गोंधळात टाकते. रस्त्याच्या एका बाजूला फुनाया आणि दुसऱ्या बाजूला, डोंगराला टेकून, मोठं राहतं घर. त्याला ओमोया म्हणतात. दोन्ही एकाच कुटुंबाची असतात. पूर्वी मध्ये अंगण होतं आणि शेजारच्या वाडीला जायचं तर होडीच सोपी पडे. 1931 ते 1940 या वर्षांत या अंगणांतूनच सुमारे चार मीटर रुंदीचा रस्ता काढला गेला आणि जागा करण्यासाठी फुनाया समुद्राकडे सरकवल्या गेल्या. म्हणून तुम्ही ज्या रस्त्यावरून फिरता तो कुणाच्या तरी अंगणातून गेलेला आहे. कपडे वाळत असतात, कुणी मासे चिरत असतं. दोन फुनायांमधल्या फटीतून समुद्र सुंदर दिसतो, पण त्या फटीत शिरणं म्हणजे घरात शिरणं. आतून पाहायची इच्छा असेल तर गावच्या पर्यटन कार्यालयाकडून मार्गदर्शक घ्यावा, ते परवानगी असलेली फुनाया दाखवतात.

2005 मध्ये सरकारने इनेला पारंपरिक वास्तूंचा जपणुकीचा प्रदेश म्हणून घोषित केलं. मच्छीमार गावाला हा दर्जा मिळण्याची जपानमधली ती पहिलीच वेळ. त्या हद्दीत घरांबरोबर खाडी, आओशिमा आणि मागची डोंगरातली झाडीही येते. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण बेट आणि डोंगर वगळून ही घरं टिकलीच नसती.

इनेचा इतिहास माशांत मोजावा लागतो. खाडीत शिरलेले देवमासे होड्यांनी आत हाकून, तोंडाशी जाळी लावून मारले जात. 1656 ते 1913 दरम्यान 355 देवमासे मारल्याची नोंद आहे. आओशिमावर त्यांच्या समाधीचे दगड आहेत, गावाने ज्यावर पोट भरलं त्याचं श्राद्ध घालण्याची ही रीत. देवमासे संपले तरी बुरी राहिली. बुरी हा आठ-दहा किलो आणि त्याहूनही मोठा वाढणारा, हिवाळ्यात चरबीने भरलेला मासा. तोयामातलं हिमी, नागासाकीची गोतो बेटं आणि इने ही त्याची जपानमधली तीन नावाजलेली ठिकाणं. पकड मुख्यतः स्थिर जाळ्यांनी होते: किनाऱ्याजवळ जाळ्याची लांब भिंत उभी करतात, तिला धडकलेला मासा खोल पाण्याकडे वळतो आणि आपणहून पुढच्या कोठ्यांत शिरतो. पहाटे होड्या जाऊन शेवटची कोठी उचलतात. सकाळी बंदरावर मासे वेगळे केले जातात, तेव्हा गावच्या बायका बादल्या घेऊन थेट तिथेच विकत घ्यायला येतात. हे बघायचं तर रात्री गावातच मुक्काम हवा. घरापुढे पाण्यात सोडलेला लोखंडी पिंजरा दिसेल, तो मोंदोरी. त्यात माशांची हाडकं-डोकी टाकून ठेवायची, दुसऱ्या दिवशी त्या दिवसाच्या कालवणापुरते मासे आत असतात.

खाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे निवड चुकली तर माणूस उपाशी राहतो. खाडीकाठी खाणावळी मोजक्याच आहेत, बऱ्याच दुपारीच बंद होतात आणि आठवड्याची सुट्टीही घेतात. डिसेंबर ते फेब्रुवारी आलात तर बुरी-शाबू घ्या: कोंबू शेवाळाच्या उकळत्या पाण्यात पातळ काप दोन-तीन सेकंद हलवायचा, कडा पांढऱ्या झाल्या की बाहेर, आणि पोंझू या आंबट सॉस व किसलेल्या मुळ्याबरोबर तोंडात. जास्त शिजवलं की चरबी पाण्यात जाते आणि मासा कोरडा पडतो. बारमाही मिळणारा पदार्थ म्हणजे हेशिको. आपल्या बांगड्याच्या जातीचा साबा मासा चिरून मिठात मुरवतात, मग तांदळाच्या कोंड्यात दडपून, वर वजन ठेवून सुमारे वर्षभर ठेवतात. कोंडा पुसून, कागदाइतके पातळ काप थोडे भाजून भाताबरोबर खायचे. जाड काप घेतला तर मिठापलीकडे काही कळत नाही. त्याच्याबरोबर गावच्याच मुकाई शुझो या भट्टीची साके, म्हणजे तांदळाची दारू, घ्यावी. ही भट्टी 1754 पासून चालू आहे, पाण्याला लागून आहे, आणि लाल जुन्या जातीच्या तांदळापासून केलेली तिची गुलाबी, आंबटसर ‘इने मानकाई’ सगळीकडे ओळखली जाते.

पोचायचं कसं? क्योतोहून ‘हाशिदाते’ एक्स्प्रेसने सुमारे दोन तासांत आमानोहाशिदाते, तिथून बसने साधारण एक तास. देशभर चालणारा जेआर पास (जपान रेल्वेचा पर्यटकांसाठीचा पास) वाटेतल्या फुकुचियामा स्थानकापर्यंतच चालतो, पुढची लाइन क्योतो तांगो रेल्वेची आहे, तिचे वेगळे पैसे लागतात. कानसाई वाइड एरिया पास घेतला तर हा भागही त्यात येतो. मात्र पासचे नियम बदलतात, निघण्याआधी तपासा. बस कमी आहेत आणि परतीची शेवटची बस संध्याकाळी लवकर सुटते. ती चुकली तर टॅक्सीही सहज मिळणार नाही, म्हणून उतरल्याबरोबर थांब्यावरच्या वेळा टिपून घ्या.

पहिल्यांदा फुनाया समुद्रातून पाहाव्यात, मग रस्त्यावरून. हिदे धक्क्यावरून सुटणारी मोठी बोट खाडीला सुमारे पंचवीस मिनिटांत चक्कर घालते. मला छोट्या होडीवाल्यांची समुद्र-टॅक्सी जास्त आवडते, कारण ते घरांच्या जवळून नेतात आणि विचारलं की कुणाचं घर, कोणती जाळी, सगळं सांगतात. बोटीवर समुद्रपक्ष्यांना खाऊ घालण्याची प्रथा आहे, पण घारी हातातलं झडप घालून नेतात, तेव्हा उघड्यावर स्वतःचं काही खाऊ नका. त्यानंतर डोंगरावरच्या ‘फुनाया नो सातो’ या थांब्यावर चढा. तिथून खाडीचा आकार आणि तोंडावरचं बेट एका नजरेत समजतं. सकाळचा उजेड खाडीच्या पश्चिम काठावरच्या घरांवर पडतो, दुपारनंतर ती डोंगराच्या सावलीत जातात.

शरद ऋतूच्या शेवटापासून हवा कधीही बदलते: ऊन, मग पाऊस, मग पुन्हा ऊन, एकाच तासात. तांगोचे लोक सांगतात की डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस. हिवाळ्यात बर्फ ओलं आणि जड पडतं, वारा वाढला की बोटी बंद राहतात. अशा दिवशी उत्तरेला होंजोकडे जावं. तिथे 825 मध्ये स्थापन झाल्याचं सांगितलं जाणारं उराशिमा देऊळ आहे. उराशिमा हा कासवाबरोबर समुद्रापारच्या देशात गेलेला तरुण कोळी. आठव्या शतकातल्या निहोन शोकी या इतिहासग्रंथात 478 सालाखाली त्याची नोंद आहे, आणि तांगोच्या जुन्या भूवर्णनात कथा सविस्तर येते: परत आला तेव्हा गावी तीनशे वर्षं उलटली होती. देवळात ही कथा दाखवणारी जुनी चित्रपट्टी जपली आहे. ती पाहायची असेल तर आधी देवळाशी संपर्क करून वेळ ठरवावी लागते.