धूर निघाला, तरी दोन्ही फ्यूज शाबूत

कसारा घाट चढताना अप्पर (हेडलाइटचा लांबचा झोत) लावला आणि डॅशबोर्डखालून धूर आला, म्हणून ही मार्क टू अँबॅसॅडर टो करून नाशिकला द्वारकेजवळच्या आमच्या शेडमध्ये आली. "मिस्त्री, दोन्ही फ्यूज शाबूत आहेत, मग जळलं काय?" मालकांचा पहिला प्रश्न हाच.

या गाड्यांना ल्युकस या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीचे दोनच फ्यूज. एकावर हॉर्न, दुसऱ्यावर वायपर, ब्रेक लाइट अशी किल्लीनंतर चालणारी कामं. बॅटरीकडून येणारी तपकिरी, इग्निशनची पांढरी आणि हेडलाइटची निळी वायर फ्यूजमधून जातच नाही. ती बॉडीला टेकली तर मधे अडवणारं काही नसतं, वायरच वितळते.

इथे तेच झालं होतं. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकातलं रबर झिजून गेलेलं आणि पत्र्याच्या धारेने अप्परची निळी-पांढरी वायर कापलेली. त्यात कुणीतरी १००/९० वॉटचे (अप्पर १००, डिपर म्हणजे जवळचा झोत ९०) बल्ब बसवलेले. नुसता डिपर लावला तरी १५ अँपिअर, तेही मूळ वायरीतून आणि पायाच्या डिपर स्विचमधून. जळकी वायर दोन्ही टोकांना सोडवून डिपरवर मोजलं: बॅटरीवर १२.३ व्होल्ट, बल्बवर १०.६. मधल्या १.७ पैकी १.२ प्लसच्या बाजूला आणि ०.५ अर्थमध्ये गेलेले. त्याच बल्बला १२ व्होल्ट मिळाले तर उजेड साधारण दीडपट पडतो. वॉट वाढवण्याची गरजच नव्हती. शिवाय डायनमो २२ अँपिअरचा, त्याला हा भार झेपणारा नव्हता.

बॅटरीची अर्थ काढली आणि हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, सोडवला. इन्सुलेशन वाकवलं की बिस्किटासारखं तुटत होतं, आत तांबं काळं पडलेलं. काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही, म्हणून तुकडे जोडण्याचा विचार सोडला.

जुन्या दोनपैकी एक फ्यूज ३५ अँपिअरचा, पण चुकीच्या प्रकारचा. ल्युकसच्या काचेच्या फ्यूजवर ३५ हा उडण्याचा आकडा असतो, सतत तो १७ च्या आसपासच वाहतो. बाजारात मिळणारा दुसरा ३५ चा फ्यूज सतत ३५ वाहू देतो, म्हणजे वायरीला दुप्पट मोकळीक. फ्यूज वायरीच्या जाडीवरून ठरवायचा, बल्बवरून नाही.

नवी मेन वायर ६ चौरस मिलिमीटरची, स्टार्टर सोलेनॉइडवरच्या बॅटरीच्या बोल्टवरून घेतली आणि तिथून वीतभरावरच ४० अँपिअरचा मेन फ्यूज बसवला. पुढे ब्लेड फ्यूजचा डबा आणि ३० अँपिअरचे दोन रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारे स्विच). जुन्या स्विचने आता फक्त रिलेची कॉइल चालते. रिलेच्या ८७ नंबर पिनवरून प्रत्येक फिलामेंटला स्वतंत्र १० अँपिअर फ्यूज आणि २.५ ची वायर दिली. एक फ्यूज उडाला तर एकच दिवा जातो, घाटात दोन्ही एकदम नाही. टेल लाइट डावे-उजवे वेगळे, ५-५ अँपिअरवर. इग्निशन कॉइलला मुद्दाम वेगळा फ्यूज दिला नाही, वळणावर इंजिन बंद पडणं जास्त धोक्याचं. फायरवॉलला नवा ग्रोमेट. लग (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्या) सगळे क्रिंप केलेले, म्हणजे दाबून बसवलेले. नुसत्या सोल्डरने वायर कडक होते आणि हादऱ्याने सोल्डर संपतो तिथेच तुटते.

बल्ब ६०/५५ चे लावले. पहिल्या चाचणीत डावा दिवा मंद आणि त्याच बाजूचा इंडिकेटरही लुकलुकायला लागला. अर्थचा नट रंगावरच कसला होता, त्यामुळे करंट इंडिकेटरच्या बल्बमधून वाट काढत होता. पत्रा खरवडून चकचकीत केला, दातेरी वॉशर घातला, वर व्हॅसलीन लावलं. नंतर इंजिन बंद ठेवून मोजलं: बॅटरी १२.४, बल्ब १२.१.

रात्री पांडवलेण्यापर्यंत अप्पर लावून फेरी मारली आणि परतल्याबरोबर बॉनेट उघडलं. मेन फ्यूजचा लग हाताला जेमतेम कोमट लागला, रिलेच्या वायरी गार होत्या.