तुम्ही विचारलंत म्हणून: ही नवी प्रदूषकं आली कुठून?

नाशिकला गोदावरीवर रामकुंडाच्या खालच्या अंगाला पहाटे पाण्याचे नमुने घ्यायला उतरले की कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, ही औषधांची, प्लॅस्टिकची प्रदूषकं आत्ताच कुठून निघाली? आमच्या लहानपणी नावसुद्धा ऐकलं नव्हतं." परवा घाटावरच्या एका आजींनीही हेच विचारलं. हात गुंतलेले होते, धड उत्तर देता आलं नाही. ते आता देते.

आजी, यातली बरीचशी नवी नाहीतच. गोळ्या आपण वर्षानुवर्षं घेतोय. गोळीचा काही अंश लघवीवाटे गटारात आणि तिथून नदीत जातो. मलजल शुद्धीकरण केंद्र बांधलं ते मैला उतरवण्यासाठी. औषध धरून ठेवणं हे त्याचं काम कधी नव्हतंच. आणि ते दिसावं कसं? गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिसळलेली रसायनं वायुरूपात वेगळी करून ओळखायची रीत, तिच्यात आधी पदार्थाची वाफ व्हावी लागते, पुष्कळशी औषधं तापवली तर वाफ व्हायच्या आधीच मोडतात. पाण्यातल्या रेणूला अलगद विद्युतभार देऊन वजन करायची इलेक्ट्रोस्प्रेची रीत रुळली, तेव्हा कुठे डोळे उघडले. त्या कामासाठी जॉन फेन यांना 2002 मध्ये नोबेल मिळालं. त्याच वर्षी अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने 30 राज्यांतल्या 139 ओढ्या-नद्यांची तपासणी प्रसिद्ध केली. 95 रसायनं शोधली होती. 80 टक्के ठिकाणी त्यांतलं एक तरी सापडलं. बहुतेक जागा वस्त्यांच्या आणि गोठ्यांच्या खालच्याच निवडल्या होत्या, हेही सांगायला हवं.

आता आम्ही लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागात, बोलतो. नाशिकजवळचं गंगापूर धरण काठोकाठ भरलंय असं समजा. त्यात जेमतेम 160 ग्रॅम, म्हणजे पावशेरालाही कमी, पूड विरघळवली तर लिटरमागे एक नॅनोग्रॅम होईल.

पण यंत्र आलं म्हणजे झालं, असं नाही. आपण शोधू तेवढंच ते दाखवतं. अंजनेरीच्या कड्यावर गिधाडं घिरट्या घालताना दिसली की मला हे हटकून आठवतं. भारत-पाकिस्तानात गिधाडं धडाधड मरत होती तेव्हा शास्त्रज्ञांनी विषाणू पाहिले, कीटकनाशकं पाहिली, जड धातू पाहिले. काहीच जुळेना. मेलेल्या पक्ष्यांच्या आतड्या-काळजावर मात्र चुन्यासारखा पांढरा थर, युरिक ॲसिडचा. म्हणजे मूत्रपिंडं गेलेली. मग पाकिस्तानात काम करणाऱ्या गटाने जनावरांच्या डॉक्टरांना आणि औषधविक्रेत्यांना साधा प्रश्न विचारला: गुराढोरांना तुम्ही देता काय? उत्तरांतून डायक्लोफेनॅक निघालं, दुखण्यावरचं नेहमीचं औषध. मेलेल्या गुराच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात जात होतं. 2004 मध्ये ते छापून आलं, 2006 मध्ये भारताने जनावरांसाठी ते बंद केलं. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरात एकही उरली नव्हती. नदीतल्या नॅनोग्रॅमचं गणित वेगळं आहे, ते मी याच्याशी जोडत नाही. पण रिपोर्टमध्ये बीओडी, सीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण मोजणारे आकडे) आणि कोलीफॉर्म (मैल्याची खूण असलेले जिवाणू) ठीक आले म्हणून पाणी निर्धोक, असं कुणी म्हणालं की माझ्या जिवाला लागतं. जे तपासलंच नाही त्याबद्दल तो कागद गप्प असतो.

आणि आजी, तुम्ही थर्मासमधला चहा पुढे केलात, मी नको म्हटलं, तुमचा चेहरा उतरला. कारण एवढंच: सांडपाणी नदीत मिसळलंय का, हे ओळखायची एक खूण म्हणजे कॅफीन, आणि ते चहात असतंच. हाताला लागलेला चहाचा थेंब त्या तपकिरी बाटलीत गेला असता, तर तो नमुना ओतून द्यावा लागला असता. पुढच्या वेळी बाटल्या बर्फात ठेवून पेटी बंद केली की येते. चहा घेईन.