समुद्रातली वस्तू घाटावर आणली की

कराडहून कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, आणि पुढे दाभोळ-गुहागरचा किनारा. सुट्टीला गेलेली मंडळी ओहोटीच्या वाळूतून तोफगोळा, खापर असं काहीबाही उचलून आणतात. खरं तर हलवूच नये. मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढावा, जागा टिपून घ्यावी आणि पुरातत्त्व विभागाला कळवावं. जमिनीत दडलेली, १० रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली तर १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहेच.

पण वस्तू घरी येऊन पडलीच असेल तर? आधी गोळ्याला भोक आहे का बघा. असेल तर तो पोकळ गोळा, आत दारू असू शकते. हात न लावता पोलिसांना बोलवा.

भरीव बिडाचा (ओतीव लोखंडाचा) गोळा उन्हात वाळवला की संपला. समुद्रात लोखंड झिजताना क्षार आतपर्यंत शिरतात. ओलं आहे तोवर गप्प असतात, हवा लागली की तांबूस पाण्याचे थेंब फुटतात आणि पापुद्रे सुटायला लागतात. बिडातलं लोखंड निघून गेलं तरी कार्बनचा सांगाडा आकार धरून राहतो, त्यामुळे गोळा अख्खा दिसतो. म्हणून वजन करा: १० सेंमी व्यासाचा धड गोळा साधारण पावणेचार किलो भरतो. बराच हलका लागला तर घासू नका, वरचा थर हातात येईल.

प्लास्टिकच्या बादलीत लिटरला ५० ग्रॅम सोडा ॲश, म्हणजे धुण्याचा सोडा (खायचा नव्हे), विरघळवून गोळा पूर्ण बुडवा. हातमोजे घाला. बोअरचं पाणी नको, त्यात क्षार असतातच; आरओचं चालेल. द्रावण अधूनमधून बदलायचं. क्षार निघतायत का हे पाहायला थोडं द्रावण नायट्रिक आम्लाने आधी आम्लधर्मी करून त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकतात. पांढुरकं झालं तर अजून बाकी आहे. ही चाचणी कॉलेजच्या प्रयोगशाळेत करून घ्यावी. लहान गोळ्यालाही महिने लागतात. द्रावणात वीज सोडून क्षार काढण्याची प्रक्रिया घरी करण्याच्या फंदात पडू नका.

खापराचं दुखणं वेगळं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मीठ विरघळतं, खाली आली की पुन्हा खडे धरतं आणि खडे पृष्ठभाग उचकटतात. साताऱ्याकडे पावसाळा दमट, उन्हाळा कोरडा. काचेच्या कपाटात नुसतं ठेवलेलं खापर असंच भुरभुरतं. साध्या पाण्यात भिजवत, पाणी बदलत राहा. मात्र रंगकाम सुटत असेल तर भिजवूही नका.

लाकूड असेल तर एकच काम: पाण्यात बुडवून, अंधारात, थंड जागी ठेवा. तज्ज्ञांकडे नेताना ओल्या फडक्यात गुंडाळून दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधा आणि कुठे, कधी सापडलं ते पेन्सिलीने लिहून चिठ्ठी बाहेरच्या पिशवीत टाका. पेनाची शाई ओलीने पसरते.