पायथन २ काढायचंय? आधी गाळप हंगाम गाठा

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीचा, म्हणजे पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला. डेबियन या लिनक्सच्या १२ व्या आवृत्तीत तर हे पॅकेजच नाही. तरीही कोल्हापूर भागातल्या एखाद्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा पीसी उघडला आणि आत पायथन २ ची स्क्रिप्ट निघाली, तर नवल वाटून घेऊ नका.

पायथन २ कोण वापरतंय हे आधी शोधा. डेबियनमध्ये पॅकेजेस टाकणाऱ्या-काढणाऱ्या अ‍ॅप्टला पायथन २ काढण्याची नुसती रंगीत तालीम करायला सांगितली, की सोबत कुठली पॅकेजेस जातील ते दिसतं. हाताने लिहिलेल्या स्क्रिप्टचा मात्र त्याला पत्ताच नसतो. त्यासाठी डेबियनच्या डीपीकेजी-डायव्हर्ट या कमांडने पायथन २ च्या मूळ बायनरीचं (चालणाऱ्या प्रोग्राम फाइलचं) नाव बदला आणि जुन्या नावावर छोटी शेल स्क्रिप्ट ठेवा. आलेली कमांड तिने सिस्लॉगमध्ये (सिस्टीमच्या नोंदवहीत) नोंदवायची आणि काम मूळ बायनरीकडे सोपवायचं. ही नोंद गाळप चालू असतानाच घ्यायची. जुलैत लॉग कोरा राहतो आणि कुणीच वापरत नाही असा समज होतो. निदान एक अख्खा पंधरवडा तरी घ्या. ऊसबिलाची स्क्रिप्ट क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीतून) पंधरवड्यातून एकदाच उठते. काढाकाढी हंगाम संपल्यावर.

'पायथन' हे नाव परस्पर पायथन ३ कडे वळवून मोकळं होऊ नका. बंद पडलेली स्क्रिप्ट परवडली, निदान एरर तरी दिसते. चालत राहते तीच घात करते. वजन स्थिर झालं की काट्याचे बरेच इंडिकेटर (वजन दाखवणारे डबे) 'एसटी'ने सुरू होणारी ओळ सीरियल पोर्टवर पाठवतात. पायथन ३ मध्ये ती ओळ बाइट्स म्हणून, म्हणजे मजकुराऐवजी कच्चा डेटा म्हणून येते. तिची पहिली दोन अक्षरं कापून साध्या स्ट्रिंगशी (मजकुराशी) ताडली, तर उत्तर कायम 'नाही'. एरर नाही, काही नाही. ट्रॉली काट्यावर उभी आणि पावती निघत नाही. ओळ वाचल्या वाचल्या अस्की म्हणून डीकोड करा, म्हणजे बाइट्सचा मजकूर करून घ्या.

बिलातलं राउंडही तपासा. २५००.५० चे पायथन २ मध्ये २५०१ होतात, ३ मध्ये २५००. नेमका अर्धा आला की पायथन ३ चं राउंड सम संख्येकडे झुकतं. पैशांसाठी डेसिमल मॉड्यूल वापरा आणि 'राउंड हाफ अप' (अर्धा आला की वर) स्पष्ट लिहा.

सोर्स हरवलाय, नुसती पायसी (कंपाइल केलेली) फाइल उरलीय? मग डेबियन ११ चा कंटेनर (बाकी सिस्टीमपासून वेगळा ठेवलेला कप्पा), त्यात पायथन २ अजून आहे. त्याला सीरियल पोर्ट आणि पावत्यांचा एक फोल्डर द्या, नेटवर्क अजिबात नको.