तुम्ही विचारलंत म्हणून : मुलाला पीएमटीनं का पाठवते

व्हॅन अगदी दारात येत होती, तरी सहावीतल्या मुलाला शाळेत पीएमटीनं, म्हणजे पुण्याच्या सिटी बसनं, का पाठवता? सोसायटीतल्या वहिनींनी विचारलं, शाळेच्या फाटकापाशी पालकांनी विचारलं, नणंदेनं तर दिवाळीत सगळ्यांदेखत विचारलं. दर वेळी "त्याला आवडतं" म्हणत मी वेळ मारून नेली. आता एकदा नीट सांगते.

पैसे वाचवायला नाही. महापालिका खासगी शाळांतल्या पाचवी ते दहावीच्या मुलांना पासावर 75 टक्के सवलत देते, त्यामुळे पैसे वाचतात हे खरं. पण व्हॅनचे पैसे आम्ही भरत होतो, पुढेही भरले असते. मग जवळची शाळा का नाही घेतली, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. शिक्षण हक्काच्या नियमांत पाचवीपर्यंत 1 आणि आठवीपर्यंत 3 किलोमीटरच्या आत शाळा हवी असं आहे, आणि आमच्या धायरीत शाळा आहेतही. आम्हाला हवी तशी मराठी माध्यमाची मिळाली ती टिळक रस्त्याच्या बाजूला. गाडीवर सोडता येईल, पण शाळा सुटते तेव्हा आम्ही दोघंही कामावर असतो.

तर व्हॅन. एका दुपारी व्हॅनवाल्या काकांचा फोन आला, "ताई, दांडेकर पुलापाशी या, पोराला न्यायला." आवाजावरून वाटलं अपघात झाला. रिक्षानं पोचेपर्यंत माझे हातपाय गार पडले होते. अपघात नव्हता. आरटीओच्या वायुवेग पथकानं, म्हणजे रस्त्यावर गाड्या तपासणाऱ्या पथकानं, गाडी अडवली होती. पांढरी नंबरप्लेट, म्हणजे खासगी गाडी, मुलं नेण्याचा परवानाच नाही. मुलांना सावलीत ओळीनं बसवलं होतं, दप्तरं टपावरच्या कॅरिअरला अजून दोरीनं आवळलेलीच होती. मागचं दार सताड उघडं. आत ड्रायव्हरच्या सीटमागे एक आडवी फळी, तिच्यावर रेक्झिन ठोकलेलं. डिकीत सीएनजीची टाकी आणि टाकीवर जाजम घालून केलेली बैठक. जाजमाच्या कडेला माझ्या मुलाची पाण्याची बाटली पडली होती.

"आई, मला मागची जागा मिळाली, तिथून सगळा रस्ता दिसतो," असं तो वर्षाच्या सुरुवातीला कौतुकानं सांगायचा. मी समजत होते, खिडकीजवळची.

पाठोपाठ बाकीचे पालक आले आणि सगळे मिळून आम्ही त्या अधिकाऱ्याच्या विनवण्या करायला लागलो. साहेब, माणूस चांगला आहे, सोडा गाडी, उद्या मुलांनी जायचं कसं? सगळ्यांत जास्त मीच बोलत होते. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, उद्या काही झालं तर विम्याच्या पैशांसाठीसुद्धा कोर्टाच्या पायऱ्या झिजवाल. तुमचं मूल कुठं बसतं ते आत बघून या आणि मग सांगा, सोडू का." मी बघितलेलं होतं. तरीही मीच म्हणाले, सोडा.

गाडी जप्त झाली. काका कोणाकडेच बघत नव्हते. कॅरिअरची दोरी सोडून एकेक दप्तर ज्याच्या त्याच्या हातात देत होते, एकही चुकलं नाही.

"सोडा" म्हणणाऱ्या त्या बाईशी मी अजून भांडते. टाकी बघूनही? आणि तिचं उत्तर मला अजून खोडता येत नाही. मुलाला शाळेत ताप आला तेव्हा याच माणसानं त्याला आधी डॉक्टरकडे नेलं, मग मला फोन केला. असा माणूस कुठल्या नियमानं मिळतो? नियम आहेत, शाळेच्या बससाठी राज्याची नियमावली 2011 पासून आहे. गाडीत मदतनीस बाई, आग विझवायचं नळकांडं, प्रथमोपचाराची पेटी, शाळेत परिवहन समिती, सगळं लिहिलेलं आहे. ते पाळायचं तर भाडं वाढणार, आणि भाडं वाढलं की ग्रुपवर कुरकुर करणारे आम्हीच.

पीएमटी सुरक्षित आहे असं मी कधीच म्हणाले नाही. ती वेळेवर येत नाही, कधी स्टॉपवर न थांबता निघून जाते, पावसात बंद पडते. धायरी फाट्यावर रस्ता ओलांडून तो घरी येईपर्यंत माझं लक्ष घड्याळात असतं. सोबत आठवीतली दोन मुलं असतात, म्हणून थोडा जीव भांड्यात. पण तिथं कंडक्टर असतो, रोजची माणसं असतात, तो कुठं उभा आहे हे पन्नास जणांना दिसतं. माझ्या मुलाचं सगळं एकाच माणसाच्या चांगुलपणावर टांगलेलं नसतं. व्हॅनमध्ये होतं, आणि तो माणूस खरंच चांगला होता, म्हणूनच मी इतके दिवस आत डोकावले नाही.

आता जूनमध्ये धाकटी पहिलीत जाईल. तिला काही पीएमटीत चढवता येणार नाही. काकांनी कर्ज काढून परवान्याची पिवळी गाडी घेतलीय. भाडं बरंच वाढलंय आणि ते वाढणारच, याबद्दल माझी तक्रार नाही. ह्यांचं म्हणणं, ओळखीचा माणूस आहे, द्या पाठवून. मी काकांना फोन केला. "ताई, फळीबिळी काही नाही आता, या की बघायला," म्हणाले. मुलं किती बसवता, हे विचारलं तेव्हा मात्र "बसतात बरोबर" एवढंच म्हणाले. मी आकडा विचारलाय, आणि तो मिळेपर्यंत पुन्हा विचारणार आहे.