सांबऱ्याची धावपट्टी

सांगली-साताऱ्याकडं घरात कुणी फौजेत असलं की बेळगावचं नाव निघतंच. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र १९२२ पासून तिथं आहे. आम्हाला मात्र शहराच्या पूर्वेला, सांबऱ्याला जायचं होतं. वायुदलाच्या एअरमेन ट्रेनिंग स्कूलमध्ये भाच्याची पासिंग आउट परेड होती. ऐन खरड छाटणीत द्राक्षाची बाग सोडून दाजी मिरजेला गाडीत बसले, यातच सगळं आलं.

उगार, कुडची, रायबाग, घटप्रभा करत गाडी बेळगावला पोचते. तिथून बागलकोट रस्त्यानं दहाएक किलोमीटर गेलं की सांबरा.

ही धावपट्टी १९४२ ची. त्या फेब्रुवारीत सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून गेलं आणि जपानी फौजा हिंदुस्थानच्या दाराशी आल्या. इंग्रजांना ठिकठिकाणी विमानतळ हवे झाले. आघाडीपासून लांब, साडेसातशे मीटर उंचीच्या या पठारावर रॉयल एअर फोर्सनं तळ उभारला. इथं प्रशिक्षण चाले, आणि आग्नेय आशियातल्या युद्धालाही इथून मदत जाई. त्याच युद्धाच्या वर्षांत आमच्या कुंडलला प्रतिसरकारच्या तुफान सेनेची पोरं इंग्रजांविरुद्ध कवायत शिकत होती. कुंडल आणि सांबरा, दोन्हीकडं वयं तीच, विशीच्या आतबाहेरची. हे मनात आल्यावर मी परेडच्या मैदानाकडं नुसता बघत राहिलो.

स्वातंत्र्यानंतर तळ भारतीय वायुदलाकडं आला. १८ डिसेंबर १९६१ ला गोवामुक्तीच्या कारवाईत इथूनच सहा हंटर विमानं उडाली आणि त्यांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र गप्प केलं. प्रवाशांसाठीची नवी इमारत २०१७ ची, आणि आता धावपट्टी २,३०० मीटरची आहे.

परेड संपली आणि पोरं रांगा मोडून आईबापांकडं धावली. भाचा समोर येऊन उभा राहिला तेव्हा ताईला क्षणभर ओळखू येईना. गालफडं बसलेली, मान ताठ, बुटांत समोरच्याचं तोंड दिसावं अशी चकाकी. दाजींनी त्याचा हात धरून तळवा उलटा केला आणि बोटांच्या बुडाशी आलेल्या घट्ट्यांवरून अंगठा फिरवला.

"लई घासून घेतलं की रं."

"व्हय, आबा. पर आता सवय झाली."

आता तो पुढच्या, त्याच्या ट्रेडच्या प्रशिक्षणाला जाईल.

परतताना गाडीत विषय निघाला कवलापूरचा. सांगली-तासगाव रस्त्यावर आपलीही जुनी धावपट्टी आहे, आणि तिथं विमानतळ व्हावा ही मागणी कितीतरी वर्षांची. माझं मत असं की सांबरा जागतं राहिलं ते शिकणाऱ्या पोरांमुळं. तिकिटं खपोत न खपोत, तिथं रोज पहाटे कवायत होते, माणसं येतात-जातात, तळाची देखभाल होते. कवलापूरलाही आधी विमान चालवायला नाहीतर दुरुस्त करायला शिकवणारी संस्था आणावी, प्रवासी विमान मागून येईल. दाजींना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, आधी तासगावची द्राक्षं नेणारं विमान उतरवा, बाकीचं आपोआप होतंय. मिरज येईपर्यंत आमचं हेच चाललं होतं, आणि समोरच्या बाकावरचे जतचे दोघेही त्यात पडले होते.