हात वर कर

भाचीने व्हॉट्सॲपवर चार फोटो पाठवले. खाली एक ओळ: "मावशी, यातला कुठला विणशील? तुला सोपा पडेल तो." ती एडिंबराला असते, मी नाशिकला. बिचारीने काळजीपोटीच लिहिलं असणार, पण चाळीस वर्षं सुया हातात असलेल्या बाईला 'सोपा' हा शब्द जरा लागतोच. विणायला अवघड स्वेटर फारसे नसतात. घालायला अवघड मात्र पुष्कळ असतात, आणि फोटोत नेमके तेच छान दिसतात.

दोन दिवस मी ते फोटो येता-जाता बघत होते. चौघीजणी सुंदर होत्या आणि चौघीही काहीच करत नव्हत्या. एकीने दोन्ही हातांनी कॉफीचा मग छातीशी धरलेला. दुसरी खिडकीत गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. तिसरीचे मोकळे केस असे पुढे आलेले की गळा कसा आहे ते कळू नये. चौथी समुद्राकाठी उभी, तीही हाताची घडी घालून. विणकामाचे नमुने मी मासिकांच्या जमान्यापासून बघतेय, हा मग काही त्यांच्या हातातून सुटलेला नाही. त्यामागची गोम मला फार उशिरा कळली. हात छातीशी घेतले की काख दिसत नाही. आणि स्वेटरची सगळी पापं काखेत असतात.

मला विणायला शिकवलं आत्याने. पाठ, पुढचा भाग आणि एक बाही जोडून झाली की ती आम्हाला समोर उभं करायची आणि म्हणायची, "हात वर कर." आम्ही पोलिसांनी पकडल्यासारखे उभे. मग स्वेटर कमरेवरून किती वर सरकला ते ती बोटांनी मोजायची. दोन बोटं सरकला तर पास. बेंबी दिसली तर उसव. रंग, नक्षी, बटणं यांचा विचार त्यानंतर. लोकांना वाटतं, मुंढा, म्हणजे बाही जोडायची काखेजवळची जागा, खोल ठेवला की स्वेटर आरामशीर होतो. होतं उलटंच. मुंढा खोल असला की हाताबरोबर अख्खा स्वेटर वर जातो. काखेजवळ नीट बसलेला मुंढा असेल तर हात एकटा वर जातो. घट्ट दिसणारा मोकळा आणि सैल दिसणारा अडेलतट्टू. हे फोटोत कधीच दिसत नाही, कारण फोटोतल्या बाईला वरच्या फळीवरचा डबा काढायचा नसतो.

पहिल्या नमुन्यापुढे तीन लाल बदाम होते, म्हणजे मन तिथे गेलेलं. करंगळीएवढी जाड लोकर, फिकट पिस्ता रंग, कोपराच्या जरा खाली संपणाऱ्या बाह्या, एका खांद्यावरून घरंगळलेला गळा आणि कमरेच्या वर चार बोटं थांबलेली लांबी. एवढी जाड लोकर कशाला? थंडीसाठी. मग मनगटं, मान आणि कंबर उघडी टाकली ती कशाला? ही म्हणजे पुढच्या दाराला तीन कड्या आणि मागचं दार सताड उघडं, अशातली गत. लोकर स्वतः काही गरम नसते. तिच्या तंतूंत अडकलेली हवा आपल्या अंगाने गरम होते आणि तिथेच राहते. ती निसटू न देण्याचं काम गळा, मनगट आणि कमरेची बॉर्डर करतात. म्हणून तर तिथे दोन सुलट दोन उलट अशी, ताणली की परत जागेवर येणारी वीण घालतात. बॉर्डर ही नक्षी नव्हे, बूच आहे.

शिवाय जाड लोकरीचं गणित दगाबाज. बारीक लोकरीत 10 सेंटिमीटरमध्ये 28 टाके बसतात, या करंगळीवाल्यात 14. काम भराभर होतं, एका रविवारात पाठ संपते, म्हणून सगळ्यांना आवडते. पण 100 सेंटिमीटर घेरासाठी 140 टाके घातले आणि हात सैल पडून 14 च्या जागी 13 च बसले, तर घेर होतो जवळजवळ 108. तोच एक टाका बारीक लोकरीत चुकला तर घेर 104 च्या आतच राहतो. जाड लोकर चूकही जाड करते. यावर उपाय एकच: आधी वीतभर तुकडा विणून, धुऊन, वाळवून मोजायचा. याचा कंटाळा सगळ्यांना येतो. मलाही येतो. माझ्या यजमानांकडे एक स्वेटर आहे, तो त्यांनी शेजारच्या काकांना दिला, काकांनी मुलाला दिला आणि तो आमच्याकडे परत आला. तो त्या कंटाळ्याचाच.

दुसरा नमुना मोहेरचा, म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांच्या लोकरीचा. इतका विरळ की त्यातून मागची खिडकी दिसत होती. तो वाटतो तितका वाईट नाही, वरून कोट घातला तर असली जाळीसुद्धा हवा चांगली धरते. पण मोहेरचे तंतू एकमेकांत असे गुंततात की चुकलं तर उसवताना रडू येतं. या वयात उसवता न येणारं काही मी हाती घेत नाही.

तिसरा वेण्यांचा. आयर्लंडच्या पश्चिमेला अरन बेटं आहेत, त्यांच्या नावाने ओळखला जातो तो प्रकार: पोटभर वेण्या, मध्ये शंकरपाळे, कडेला पुन्हा वेण्या. प्रत्येक घराण्याची वीण वेगळी असायची आणि बुडालेल्या कोळ्याची ओळख त्याच्या स्वेटरवरून पटायची, अशी एक गोष्ट सगळीकडे सांगतात. ती खरी नाही, पण विकणाऱ्यांनी लेकरासारखी जपली आहे. दिसतो देखणाच. पण वेणी वीण आत ओढून घेते, त्यामुळे तेवढ्याच रुंदीला जास्त टाके आणि जास्त लोकर लागते, आणि मोठ्या माणसाचा स्वेटर सहज पाऊण किलोवर जातो.

माझी तक्रार वजनाबद्दलसुद्धा नाही. एका जानेवारीत मी भाचीकडे महिनाभर राहिले, तेव्हा कळलं की थंडीचे पत्ते वेगवेगळे असतात. तिकडे थंडी रस्त्यावर राहते. समुद्रावरून येणारा वारा गल्लीच्या तोंडाशी असा गाठतो की डोळ्यांतून पाणी. पण दार ढकलून आत गेलं की घर गरम, बस गरम, दुकान गरम, ऑफिस तर ब्लाउजवर बसावं इतकं गरम. आपल्याकडे उलट. निफाडचा पारा पाचाच्या खाली गेला की आमच्याही घराच्या फरश्या बर्फ होतात, आणि अकरा वाजता बाहेर उन्हात उभं राहिलं की बरं वाटतं. आपला स्वेटर घरात घालायचा असतो आणि बाहेर पडताना काढायचा, त्यांचा बरोबर उलटा. म्हणजे भाचीला दिवसातून आठ वेळा तो अंगातून काढता आला पाहिजे, वर कोट चढवता आला पाहिजे, आणि कोटाच्या बाहीत त्याच्या बाहीचा बोळा होता कामा नये. पाऊण किलोच्या वेण्या डोक्यावरून ओढून काढायच्या म्हणजे केस उभे, कानातलं लटकलेलं आणि चष्मा जमिनीवर.

चौथ्या फोटोखाली तिने लिहिलं होतं, "हा जरा बोअर आहे, पण आईला आवडला." समुद्राकाठच्या मुलीचा. गडद निळा, साधा, छातीवर नुसत्या सुलट-उलट टाक्यांनी उठवलेले चौकडे. मी बघताक्षणी ओळखला. ही गर्न्सी. ब्रिटनच्या किनाऱ्यांवरचे कोळी हीच घालून बोटीवर जायचे. तिला शोभेची म्हणून एक गोष्ट नाही, आणि म्हणूनच ती मला शोभिवंत वाटते. पाच पदरी लोकर बारीक सुयांवर अशी घट्ट विणायची की वारा आणि तुषार आत येऊ नयेत. पुढचा-मागचा भाग एकसारखा, त्यामुळे घासलेली बाजू पाठीकडे फिरवून घालता येते. बाही खांद्यावर टाके उचलून खाली मनगटाकडे विणत न्यायची, म्हणजे मनगट झिजलं की तेवढंच उसवून पुन्हा विणता येतं. आणि काखेत एक चौकटीचा तुकडा, कॅरमच्या सोंगटीएवढा नव्हे, चांगला तळहाताएवढा. जाळं ओढताना हात वर गेला तरी कंबर झाकलेली राहावी म्हणून. कुणाच्या तरी आत्याने तिकडेही "हात वर कर" म्हटलं असणार.

कामाच्या माणसाचं थंडीचं वस्त्र बघायचं तर आपलं घोंगडं घ्या. दख्खनी मेंढीची राठ लोकर, विणून झाल्यावर चिंचोक्याची खळ. त्याला गळा नाही, बाही नाही, मुंढा नाही, त्यामुळे बिघडण्यासारखं काही नाही. धनगर त्याचीच खोळ करून डोक्यावर घेतो, त्यावरच बसतो, तेच अंथरतो. टोचतं मात्र सपाटून. ते कॉलरीसारखं मानेशी घेऊन कुणी कॉफी पिताना मी पाहिलेलं नाही.

तर मी चौथा नमुना धरला आणि त्याला बाटवायला बसले. ऑफिसातल्या उकाड्यासाठी पुढून उघडा हवा, म्हणजे बटणं आली, म्हणजे कार्डिगन झाला. हे नाव ज्यांच्यावरून पडलं ते अर्ल ऑफ कार्डिगन म्हणजे 1854 मध्ये क्रिमियाच्या युद्धात बालाक्लावाला घोडदळ घेऊन गेलेले सरदार. त्यांचे वरिष्ठ लॉर्ड रॅग्लन, वॉटर्लूला एक हात गमावलेले. गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी शिवण जाणारी बाही त्यांच्या नावाची. आणि बालाक्लावा म्हणजे आपली माकडटोपी, पहाटे गोदाकाठी फिरायला येणाऱ्या आजोबांची. स्वेटर, बाही आणि टोपी, तिघांची नावं एकाच युद्धाशी जोडलेली. टोपीला दिसण्यात शून्य गुण आणि वापरण्यात पैकीच्या पैकी. भाचीला मी तीही विणून देऊ का विचारलं, तर तिने फक्त एक हसून लोळणारं तोंड पाठवलं.

बाही मी शेवटी रॅग्लनच धरली. साडेसात हजार किलोमीटरवरून कुणाच्या खांद्याचं माप घेता येत नाही, आणि ही बाही खांदा दोन बोटं इकडेतिकडे असला तरी सांभाळून घेते. काखेतला तुकडा ठेवला. चौकडे ठेवले. रंगावर मात्र हरले. निळ्याऐवजी पिस्ता, तिचा तोच लाल बदामांचा. चार पदरी खरी लोकर तिनेच तिकडून येणाऱ्या मैत्रिणीबरोबर पाठवली, कारण आमच्या मेन रोडवर लोकर मागितली की बहुतेकदा ॲक्रिलिक हातात ठेवतात. त्याचं बाळाचं झबलं छान होतं, रोज धुता येतं, पण ते घाम शोषत नाही. लोकर दमटपणा पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही.

दहा नंबरच्या सुया, अडीच महिने, एकदा काख उसवून. पार्सल गेलं. गुरुवारी दुपारी तिचा फोटो आला. रंग तिला काय सुरेख दिसत होता, मनगट बरोबर हाडावर. बाकी काही दिसायला मार्ग नव्हता, कारण दोन्ही हातांनी तिने कॉफीचा मग छातीशी धरला होता.

मी लिहिलं, "हात वर कर."

निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर यायला जरा वेळ लागला. "मावशी, मी मीटिंगमध्ये आहे."